गाळलेल्या जागा

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे : ‘गाळलेल्या जागा भरा.’ ओळीतला एक शब्द काढलेला असे आणि त्याच्या जागी टिंबे असत. मला तो प्रश्न फार आवडे, कारण त्यात हमखास गुण मिळत. हा शब्द इथून कोणी काढला आणि का काढला, असे मात्र त्या टिंबांकडे पाहून कधी मनात आले नाही. तो विचार कॉलेजात आल्यावर सुचला; आणि सुचला तोही भाषेच्या तासाला नव्हे, तर एका आरोग्य-पाहणीच्या वहीवरून. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी नाही, वैद्यकाची तर मुळीच नाही. तरीही हा विषय आपल्या सर्वांचा आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते हे खाते. तिथे कापसाची धूळ इतकी उडे की घरी येताना आजोबांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, असे आजी सांगते. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की त्यांची छाती आवळल्यासारखी होई. पुढचे दिवस जरा बरे जात. पुढे पुढे सगळेच दिवस पहिल्या दिवसासारखे झाले. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, आणि कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचे नाव आहे, हे मला पुस्तकात वाचून कळले. आजोबांना ते नाव कधीच कळले नाही. ते ‘दम’ म्हणत.

एकदा गिरणीत डॉक्टरांचे एक पथक आले होते. त्यांनी कामगारांना नळीत फुंकायला लावले, नाव-गाव, खाते, पाळी, विडी ओढता का, सगळे लिहून घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणाले, आणि आलेही. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरणगावाचे काय झाले हे येथे सांगायला नको. आजोबांना परत घेतले नाही. मस्टरवरून नाव गेले. दोनेक वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले आणि दम फारच वाढला तेव्हा ते आजीसह मालवणजवळच्या गावी गेले. पाठोपाठ पथकातले कोणी तरी चाळीत चौकशीला आले होते, असे आजीला पुढे शेजारणीकडून कळले. आजी आजही आपल्या बोलीत सांगते, “शेजाऱ्यान सांगल्यान, ‘गावाक गेलो’, नि तितक्याच लिवल्यानी. मगे कोणच येवक नाय.”

दोन पावसाळे काढून आजोबा गेले. पण त्या पथकाच्या वहीत ते गेलेच नाहीत. ते फक्त ‘गावी गेले’.

माझ्या लेखाचा विषय एवढाच आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आरोग्य-अभ्यासांतून मधेच नाहीशा होणाऱ्या माणसांचे काय करायचे? त्यांना वहीतून वगळायचे, त्यांच्या जागी अंदाजाने काही भरायचे, की त्यांना शोधायचे?

प्रथम असे अभ्यास लागतात कशाला ते पाहू. आज शंभर माणसे तपासली तर आज कोण आजारी आहे ते कळते. तंबाखू खाणारा पुढे किती जगतो, धुळीत काम करणाऱ्याची छाती दहा वर्षांनी कशी होते, हे कळायला त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती घेतली. त्यांतील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पुढे थेट २००१ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, ठेवला गेला. अमेरिकेत फ्रामिंगहॅम नावाच्या गावी १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग, रक्तदाब आणि हृदयविकार यांची नाती आज आपण सहज बोलून दाखवतो, त्यामागे अशा चिकाटीच्या पाहण्या आहेत.

पण डॉल यांनी डॉक्टरच का निवडले? एक कारण असे की डॉक्टरांची नावे सरकारी नोंदवहीत असतात, त्यांचा पत्ता बदलला तरी ते सापडतात. चाळीतला बदली कामगार कुठल्या नोंदवहीत सापडणार? त्याची एकच वही, ती म्हणजे गिरणीचे मस्टर. आणि तिथून नाव गेले की तो शहरातून नाहीसा झाल्यासारखाच.

मुंबईतही असे अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहरातील हवा आणि आरोग्य यांचा तीन वर्षांचा अभ्यास हाती घेतला. त्यात चार हजारांवर माणसे होती. लालबाग, चेंबूर, खार या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मुंबई शहरातील पस्तीस वर्षांवरील १,४८,१७३ माणसांची तंबाखूच्या सवयींसंबंधी घरी जाऊन नोंद केली. नावे घेतली होती मतदार याद्यांतून. पाच-साडेपाच वर्षांनी त्यांचे लोक पुन्हा त्याच दारांशी गेले. पहिल्या टप्प्यातल्या बावन्न हजारांवर माणसांपैकी सुमारे ९७ टक्क्यांचा पत्ता त्यांनी लावला. मुंबईसारख्या शहरात हा पराक्रमच म्हटला पाहिजे.

या अभ्यासातली एक गोष्ट वाचून मात्र मी थबकले. उच्च आणि उच्च-मध्यम वर्गाच्या इमारती त्यातून वगळाव्या लागल्या होत्या, कारण तेथील पहारेकरी आत सोडत नसत! चाळीचे दार मात्र उघडे. आमच्याकडे कोणीही येतो, कॉटवर बसतो, पाणी पितो, वयापासून विडीपर्यंत सर्व विचारतो, आणि आम्ही सांगतो. संशोधनासाठी शहराने जे काही दिले ते बहुतांशी उघड्या दारांनी दिले आहे. मग त्या दारातून माणूस नाहीसा झाला तर त्याची विचारपूस व्हावी, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

कोणी म्हणेल, शंभरातली पंचवीस माणसे सापडली नाहीत तर काय बिघडले? पंचाहत्तर आहेत ना! मलाही पूर्वी तसेच वाटे. म्हणून एक साधे गणित मांडते. समजा, एका खात्यात शंभर कामगार आहेत. तीस जणांना दम आहे, सत्तर ठणठणीत आहेत. पाच वर्षांनी पथक पुन्हा आले. दम असलेल्या तिसांपैकी वीस जण काम झेपेना म्हणून गावी गेलेले. ठणठणीतांपैकी पाच जण दुसरीकडे नोकरीला लागलेले. सापडले पंचाहत्तर, आणि त्यांत दम असलेले दहा. म्हणजे शंभरात तेरा. पहिल्या वेळी तीस, आता तेरा! कागद सांगतो की खात्याची हवा सुधारली. प्रत्यक्षात एकाचाही दम कमी झालेला नाही. दम लागणारे फक्त एस.टी.त बसून गेलेले आहेत.

म्हणजे प्रश्न किती गेले हा नाही. कोण गेले आणि का गेले हा आहे. पत्त्यांचा कॅट पिसून त्यातली दहा पाने काढली तर खेळ थोडा लहान होईल. पण कोणी निवडून सगळे एक्केच काढले तर तो खेळच राहणार नाही.

हे आपल्याला परके वाटू नये. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला होता. फळ्यावर रंगीत खडूंनी तो लिहिला होता, पेढे वाटले होते. सातवीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण नववीत धुणी-भांडी करायला लागली होती. ती त्या शंभरांत नव्हती आणि नापासांतही नव्हती. ती कशातच नव्हती. शंभर टक्के खरेच होते, आणि तरी ते खरे नव्हते.

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते. प्रथम वर्षाला असताना आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने परळच्या काही चाळींत रक्तदाबाची पाहणी केली. गणपतीच्या आधी एकदा मोजायचे, मीठ-तंबाखूबद्दल समजावून सांगायचे आणि संक्रांतीनंतर पुन्हा मोजायचे, अशी योजना होती. दुसऱ्या वेळी बरीच माणसे भेटली नाहीत. दुपारी दोन ते चार ही आमची वेळ. भेटली तर भेटली. जी भेटली नाहीत त्यांच्या नावांवर मी पट्टी ठेवून लाल शाईने रेघ मारली. कोणी सांगितले नव्हते. वही नीटनेटकी दिसावी एवढाच हेतू. मग जे उरले त्यांचा तक्ता केला. रक्तदाब घटलेला दिसला! प्रदर्शनात तो तक्ता लागला, टाळ्या मिळाल्या. घरी येऊन मी आजीला मोठ्या तोऱ्यात सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “आणि जे घावले नाय, ते?”

मला उत्तर देता येईना. ते तांदूळ निवडणेही मग मला वेगळेच दिसू लागले.

पुढचे तीन-चार रविवार मी ती वही घेऊन चाळी चढले-उतरले. एक बाई केटररकडे पोळ्या लाटायला पहाटे पाचला बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत; दोन ते चार त्या भेटणार कशा? एक गृहस्थ रात्रपाळीचे वॉचमन. दुपारी ते झोपत, आणि त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून घरातले ‘नाहीत’ असे सांगत. एक कुटुंब इमारत पाडणार म्हणून संक्रमण शिबिरात गेलेले. एक सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. ज्यांचा रक्तदाब पहिल्या वेळी सगळ्यांत जास्त निघाला होता ते म्हातारे बाबा अर्धांगाचा झटका येऊन मुलाकडे नालासोपाऱ्याला होते. आणि एका काकांनी दारातच सांगितले, “मागच्या वेळी तू जास्त आहे म्हणालीस आणि निघून गेलीस. आठ दिवस झोप नाही लागली मला. परत मोजायचं नाही.” मी मान खाली घालून जिना उतरले. त्या काकांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

माझ्या वहीत या सगळ्यांना एकच शब्द होता : ‘अनुपस्थित’. पोळ्या लाटणारी, झोपलेला, बाळंतीण, अर्धांग झालेला आणि रागावलेला, सगळे एका शब्दात. मराठीत ‘गळणे’ आणि ‘गाळणे’ यांत एका कान्याचा फरक आहे. पान आपोआप गळते; पीठ आपण गाळतो. माणसे ‘गळली’ असे आम्ही म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती गाळलेली असतात. आमच्या वेळेने गाळलेली, पत्त्याच्या रकान्याने गाळलेली, आमच्या बोलण्याने गाळलेली.

शब्दांना महत्त्व असते. क्षयरोगाचे उपचार मधेच थांबवणाऱ्या माणसाला वैद्यकीय दप्तरात कित्येक वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत. म्हणजे कसूर करणारा, बँकेचे कर्ज बुडवणाऱ्यासारखा. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द बदलला आणि ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ अशा अर्थाची संज्ञा घेतली. शब्द बदलला की लगेच वृत्ती बदलते असे नाही. पण दोष पूर्वी एकट्या रोग्याचा होता, आता निदान पाठपुरावा करणाराही त्या वाक्यात आला. आपल्या सूचनाफलकावर मात्र हजेरी कमी असलेल्यांची ‘डिफॉल्टर लिस्ट’ अजून लागते. त्या यादीतल्या किती जणांनी सकाळी दूध आणि पेपर टाकले, किती जणी धाकट्या भावंडांचा डबा करून आल्या, हा रकाना त्या यादीत नसतो. प्राध्यापकांवर माझा राग नाही. तेही वरून आलेला तक्ता भरतात. मी फक्त रकान्याबद्दल बोलते आहे.

आता संशोधक या गाळलेल्या जागांचे काय करतात ते पाहू. मी ग्रंथालयात बसून आणि आमच्या संख्याशास्त्राच्या सरांना त्रास देऊन जे समजून घेतले ते आपल्या भाषेत सांगते. पहिला मार्ग माझाच : नावे वगळा आणि उरलेल्यांचा हिशेब करा. तो सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत फसवा. दुसरा मार्ग : माणूस शेवटचा भेटला तेव्हाची नोंद पुढे ओढत न्या. म्हणजे आजोबांनी १९८१ मध्ये जेवढे फुंकले तेवढेच १९८४ मध्ये फुंकले असे धरा. सहामाहीचे गुण वार्षिकाला देण्यासारखेच हे! तिसरा मार्ग अधिक विचाराचा : पहाटे कामाला जाणाऱ्या दहा बायकांपैकी पाचच भेटल्या, तर त्या पाचांतल्या प्रत्येकीला दोघींइतके वजन द्यायचे. चौथा : त्या माणसाचे वय, काम, सवयी पाहून त्याच्या जागी एक नव्हे तर अनेक अंदाज भरायचे, आणि त्या अंदाजांत किती अंतर पडते तेही वाचकाला उघड सांगायचे. पाचवा मला फार आवडला : न सापडलेले सगळे आजारी झाले असे धरून एकदा हिशेब करायचा, सगळे बरे झाले असे धरून दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला तर छातीठोकपणे सांगा. नाही आला तर ‘आम्हाला नक्की सांगता येत नाही’ असे सांगा.

याशिवाय एक शिस्त आहे. उपचाराची परीक्षा घेताना ज्या माणसाला ज्या गटात घातले त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचे. त्याने औषध मधेच सोडले तरीही. नाहीतर औषध न सोसणारे बाहेर जातात, सोसणारे उरतात, आणि औषध गुणकारी ठरते.

हे सगळे मार्ग हुशारीचे आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. पण सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत आहे, की माणूस का गेला याचा आपल्याला काही तरी अदमास आहे. सापडलेल्या पाच बायका न सापडलेल्या पाचांसारख्या आहेत, हे गृहीत आहे. त्या तशा नसतील तर दुप्पट वजन देऊन आपण चूकही दुप्पट करू. ‘गावी गेले’ एवढ्या दोन शब्दांवरून जगातला कोणताही गणिती आजोबांचा दम ओळखू शकणार नाही. गणित गाळलेली जागा भरते. पण कोणता शब्द गाळला आहे याची खूण ओळीत कुठे तरी उरलेली असावी लागते. ती खूण माणसाला विचारूनच मिळते.

आणि विचारल्यावर माणसे सांगतात, थांबतातही. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू केली. वीस विभाग, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. तपासणी करणाऱ्या कोण? दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. वस्तीतल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीला सुमारे ८९ टक्के स्त्रिया आल्या. पुढे रोगाची खात्री करून घेण्याच्या पायरीवर हे प्रमाण सुमारे ७९ टक्क्यांवर आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की घराजवळची तपासणी आणि रुग्णालयाची पायरी यांतले अंतर दिसते. चाचणीचे निष्कर्ष मोठे होते. २०१३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले. २०२१ मध्ये पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देता केवळ आरोग्यशिक्षण देण्यावर नैतिकतेच्या बाजूने वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण वीस वर्षे, मोडत्या-वसत्या वस्त्यांत, लाखभर बायकांचा माग ठेवता येतो हे त्यातून सिद्ध झाले. तो ठेवला तो यंत्रांनी नव्हे, नावाने हाक मारणाऱ्या बायकांनी.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांपैकी बहुतेकांना अठराव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा तपासले. आपल्याकडे मुलगी अठराची झाली की काय होते ते मी कशाला सांगू? आडनाव बदलते, गाव बदलते, काही ठिकाणी नावही बदलते. मुलींचा माग ठेवायचा तर रकान्यात माहेर हवे, सासर हवे, मामाचे गावही हवे. हा बारकावा परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. तो आपल्या जिन्यांवर आणि बांधांवर सापडतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणसाला जायचे असेल तर जाऊ द्यावे. त्याच्या मागे का लागायचे? खरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याचा सहभागी व्यक्तीला हक्क आहे, आणि त्यामुळे तिच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. त्या काकांचे दार मी पुन्हा वाजवणार नाही. पण ‘नाही’ म्हणालेला आणि ‘नाही’ म्हणायलाही न सापडलेला, हे दोघे एक नव्हेत. पहिल्याने हक्क बजावला, दुसऱ्याचा हक्क कोणी विचारलाच नाही. पहिल्याची नोंद ‘नको म्हणाले’ अशी मानाने व्हावी, दुसऱ्याला शोधावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शोधायला माणसे लागतात, वेळ लागतो, पैसे लागतात. तेही खरे. पण हजार माणसांची नावे लिहून तीनशे हरवण्यापेक्षा सहाशेच लिहावीत आणि सहाशेही जपावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा आकडा मुखपृष्ठावर शोभतो. खरा आकडा शोधून काढावा लागतो.

तिसरा आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकला आहे : “या लोकांना आरोग्याची पर्वाच नसते.” ज्या बाईचा अर्धा दिवस तपासणीच्या रांगेत गेला की अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, जिच्या रक्ताचा निकाल तिला कोणी कधी कळवत नाही, जिला मागच्या वेळी का आला नाहीत म्हणून सर्वांदेखत झापले जाते, ती तिसऱ्या वेळी आली नाही, तर पर्वा कोणाला नाही हे आपणच ठरवावे.

माझ्या सूचना फार मोठ्या नाहीत. माणसाचे नाव लिहिताना गावाचा पत्ता आणि गावातल्या एका माणसाचा फोन लिहावा, कारण गिरणगावातला माणूस आजारी पडला की गावी जातो आणि गावी मेलेल्याची नोंद मुंबई महापालिकेच्या दप्तरात असणार नाही. भेटीची वेळ आपल्या सोयीने नव्हे, पाळीच्या सोयीने ठेवावी. गेलेला दिवस भरून द्यावा. निकाल प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगावा आणि ‘जास्त आहे’ म्हणून निघून जाऊ नये. पुढे कुठे जायचे तेही सांगावे. आणि कोणताही अहवाल छापताना किती सापडले याच्या शेजारी कोण सापडले नाहीत, ते कसे होते आणि का सापडले नाहीत, याला एक पान द्यावे. ते पान लाजेचे नाही, सचोटीचे आहे.

आमच्या गटापुरते मी ते सुरू केले आहे. यंदाच्या पाहणीच्या वहीत शेवटची चार पाने आम्ही कोरी ठेवली आहेत. वर मथळा आहे : ‘न भेटलेले’. रेघ मारायची नाही, कारण लिहायचे, असा नियम आहे. लाल शाईचे पेन मी घरी ठेवते.

आजीला ती पाने दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून विचारले, “हेंच्यात त्यांचा नाव आसा?” मी म्हटले, नाही आजी, ती वही वेगळी होती, ती आता कुठे असेल कोण जाणे. ती काही बोलली नाही. मग मीच पेन घेतले आणि पहिल्या पानाच्या अगदी वरच्या ओळीत आजोबांचे नाव लिहिले. खाते : कार्डिंग. पत्ता : मालवणजवळचे गाव. न भेटण्याचे कारण : दम.